पाण्यात ठेवलेली कवळी

आदरणीय मधुकरराव खोडके सरांना मी प्रथम पाहिले ते अमरावतीला, दंतवैद्यक शिकायला आलो तेव्हा. खेड्यातल्या शाळेतून आलेला मी प्रयोगशाळेच्या दाराशीच थबकलो होतो. सर रेझिनच्या बटणाएवढ्या चकत्या पाण्यातून काढून, टिपून, वजन करत होते. "या, आत या. दगडासारखं दिसतं ना? पण हे पाणी पितं," ते म्हणाले.

दातांत भरायचे किंवा कवळीचे रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखे द्रव्य, ओले राहिले की पाणी त्यात हळूहळू शिरते. ते किंचित फुगते आणि आत उरलेले, हिरडीला झोंबणारे रसायन बाहेर पडते. चकतीचे वजन वाढायचे थांबेपर्यंत सर निष्कर्ष लिहू देत नसत. आम्ही घाई केली की विचारत, "तिचं पिऊन झालं का?"

रुग्णांच्या बाबतीतही त्यांचा हाच धीर असे. चांदूर बाजारचे एक भजनी बुवा कवळी न्यायला आले. दात गेल्यापासून त्यांचे शब्द उमटत नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या भजनात गाता आले नाही, तर त्यांची जागा दुसऱ्याला जाणार होती. कवळी नुकतीच तयार झाली होती, पण सरांनी ती पाण्यात ठेवली.

"डॉक्टरसायेब, दात तयार हायेत, मंग कावून अडवून राहिले?"

"कोरडी हाय बुवा. पाणी पिऊ द्या तिले, नाई तं हिरडी सोलन."

"कवळी हाय का म्हैस?"

"म्हशीपेक्षा सावकाश पिते," सर हसले. "उद्या मीच आणून देतो."

बुवा रागातच गेले. दुसऱ्या दिवशी कवळी ठेवलेला पाण्याचा डबा मांडीवर सांभाळत सर एसटीने निघाले. मी सोबत होतो. देवळाच्या ओट्यावर त्यांनी कवळी बसवली, टोचणारी एक कड घासून दिली आणि मागे चपलांजवळ जाऊन बसले. बुवांनी अभंग उचलला. पहिलाच शब्द आमच्यापर्यंत स्वच्छ पोचला. सरांनी डोळे मिटून हात जोडले.

भजन सरल्यावर बुवा म्हणाले, "डॉक्टर, देव करो अन् तुमाले कवळीची पाळी न येवो."

आज अकोल्यात माझ्या दवाखान्यातही नवी कवळी आधी पाण्यात जाते. सरांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांचे सगळे दात त्यांचे स्वतःचे आहेत. बुवांचे मागणे देवाने ऐकले. त्याच्याच पायाशी आम्हा विद्यार्थ्यांचेही एक मागणे: सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, आणि पुढची पुष्कळ वर्षे त्यांनी आमच्यासोबत शेतात बसून हुरडा खावा.