बारा हमालांची सरदारीण

कोपरीच्या गोदाला राग यायला कारण लागत नाही, असं लोक तिच्या पाठीमागे म्हणत. साफ खोटं! कारण लागायचं, पण ते रोज मिळायचं. ठाण्याच्या कोर्टाबाहेर भिंतीला टेकून टाइपरायटर मांडणाऱ्या बाईला कारणांचा काय तोटा?

एकोणऐंशी सालापासून ती तिथे बसत होती. बाप मिठागरावर राबला, आई चंद्रभागेने डोक्यावर कोळंबीची पाटी वाहिली, पण पोरीला मॅट्रिक केलं आणि टायपिंगच्या क्लासला घातलं. मिनिटाला इंग्रजी साठ शब्द, मराठी चाळीस. प्रतिज्ञापत्र करायला कोणी आलं की गोदा आधी चार गोष्टी विचारायची. नाव, वय, धंदा, राहणार कुठे? "नाव नाय, तर कागद नाय," हा तिचा खाक्या. समोर बिल्डर असो की भाजीवाली, सगळ्यांना हाच प्रश्न.

आणि तिला स्वतःला काय म्हणायचे? "ए टायपिंग!" वीस वर्षं एका जागेवर बसलेल्या बाईला वकील लोक अशी हाक मारायचे. वर चूक झाली की खापर तिच्याच डोक्यावर. गावच्या रखमाबाईच्या जमिनीच्या कागदात एका वकिलाने सर्व्हे नंबर चुकीचा सांगितला, आणि जज्जासमोर हा शहाणा हसून म्हणतो, "टायपिस्टची चूक आहे, साहेब!" तारीख पडली. रखमाबाईने वर्षभर गोदाशी बोलणं टाकलं. गोदाने त्या वकिलाला कोर्टाच्या दारात गाठून असा फैलावर घेतला, की चहावाल्यानेही हातातली किटली खाली ठेवली. पण उपयोग काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा, "ए टायपिंग!"

नव्याण्णव साली गावातल्या भाऊंनी कोपरीत सायबर कॅफे काढला. भाऊ टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, स्वभावाने गरीब. तीन कॉम्प्युटर आणले खरे, पण गिऱ्हाइकांना टाइप कुठे करता येत होतं! मग दर रविवारी दुपारी गोदा तिथे बसून लोकांचे ईमेल लिहून द्यायची. गिऱ्हाईक नसलं की चॅटरूममध्ये डोकवायची. तिथेच एका रविवारी तिला पाच परदेशी माणसं भेटली. एक खेळ खेळत होती. खेळात चित्र नाही की आवाज नाही, नुसता लिहायचा खेळ. पाचांतला एकजण गोष्ट सांगायचा. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते लिहायचं. मग सांगणारा तिकडे आपल्या घरी फासे टाकून निकाल द्यायचा. हा सांगणारा इंग्लंडातला खराखुरा शाळामास्तर होता, म्हणून गोदाही त्याला मास्तरच म्हणायची.

गोष्ट हिमालयातल्या एका शिखराची होती. वर जाणारे साहेब चार, एक कॅप्टन आणि त्याचे तीन सोबती. बर्फात काहीतरी होतं. ते ओळखीच्या आवाजात हाक मारायचं, आणि ओ दिली की माणूस संपला. गोदाला हे लगेच पटलं. अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हे कोपरीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"तू इंडियातली ना?" कॅप्टनने लिहिलं. "मग तू हमालांची सरदार हो." गोदा म्हणाली चालेल. मास्तरने सामानाची यादी पाठवली. तंबू चार, दोर सहा, हमाल बारा, रॉकेलचे डबे वीस.

ती ओळ वाचली आणि गोदाच्या डोक्यात तिडीक गेली. हमाल काय रॉकेलच्या डब्यांशेजारी? पहिल्याच रविवारी दोन हमाल दरीत गेले. मास्तरने लिहिलं, "दोन हमाल कमी झाले. पुढे चला." गोदाने विचारलं, त्यांची नावं काय? मास्तर म्हणाला, नावं नाहीत, लागतही नाहीत.

"लागत नाय?" गोदा कॅफेत एवढ्याने ओरडली की भाऊ दचकले. "मुडदा बशिवला तुजा! मना काय येडी समजला?"

पुढच्या रविवारी तिने बाराच्या बारा नावं पाठवली, मेलेल्या दोघांसकट. इंग्रजी कोर्टाचंच, कारण दुसरं तिला येत नव्हतं. राघो, वय एकतीस, धंदा मासेमारी, राहणार कोपरी. दामाजी, वय बेचाळीस, धंदा मिठागर, राहणार ठाकुर्ली. हिमालयातले हमाल ठाकुर्लीचे! पण हसायचं कोणी नाही. खाली लिहिलं होतं, वरील मजकूर खरा असून तो शपथेवर लिहिला आहे. कॅप्टनने हसण्याच्या खुणा पाठवल्या. मास्तरने मात्र नावं उतरवून घेतली.

आणि त्यानेच घात झाला. आता बर्फातलं ते नावाने हाका मारायला लागलं. "राघोऽ" म्हणून राघोच्या आईच्या आवाजात हाक आली. राघोने ओ दिली. संपला. मग दामाजी गेला. मग आणखी चौघे गेले. गोदा रडकुंडीला आली. आपणच नावं दिली, आपणच त्यांना त्याच्या तोंडी घातलं! कोर्टात बसून कागद बडवतानाही तिला तेच आठवायचं. त्या अख्ख्या डोंगरावर हमालांना नावाने हाक मारणारं फक्त भूतच होतं. साहेबांना एकही नाव येत नव्हतं.

उरले चार. दाजी, मारुती, काळुराम आणि परशुराम. आता गोदाचं एकच ठरलेलं होतं. शिखर गेलं चुलीत, हे चौघे जिवंत खाली उतरले पाहिजेत.

दहाव्या रविवारी शिखर हाकेवर आलं. कॅप्टनने लिहिलं, "हमालांना पुढे सोडू. हाक आधी त्यांना येईल. ते त्यात अडकले की आपण वर पोहोचू." बाकीचे तिघे म्हणाले, छान कल्पना आहे.

गोदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमिष! गळाला कोळंबी लावतात तशी माणसं लावायची? तिची बोटं कीबोर्डवर अशी आपटायला लागली की भाऊ म्हणाले, "गोदे, मोडशील गो ते!"

"मोडू दे!"

तिने लिहिलं, "माझी माणसं ओझी खाली ठेवतात आणि परत फिरतात."

मास्तर म्हणाला, "तसं करता येणार नाही. हमाल सामानाच्या यादीत आहेत. सामान नाही म्हणू शकत नाही."

"नाव, वय, धंदा आणि पत्ता असलेलं सामान मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही," गोदाने लिहिलं. "तुमच्याकडे असेल तर दाखवा. नाहीतर टाका फासे."

लाइन तुटली की काय म्हणून भाऊ उठून बघायला आले. मग मास्तरचं उत्तर आलं, "टाकले. चौघांनी ओझी खाली ठेवली. ते तुझ्या हुकुमाची वाट बघताहेत."

आता साहेबांची तंतरली. तंबू कोण उचलणार? रॉकेल कोण वाहणार? चौघे एकदम लिहायला लागले. दहा रविवारांत ज्याने एकदा तिचं नाव घेतलं नव्हतं, तो कॅप्टन "गोदा, प्लीज, गोदा" करायला लागला. हिच्यामुळे सगळा खेळ फुकट जातोय, असंही एकाने लिहून टाकलं.

शेवटी कॅप्टनने लिहिलं, "बरं, तीन घेऊन जा. निदान एक तरी आमच्यासाठी ठेव."

गोदाने विचारलं, "कोणता?"

ती थांबली. रागाने कानशिलं तापली होती, तरी थांबली. एक नाव. दहा रविवारांत एक तरी नाव या माणसाच्या कानावर पडलं असेल. चौघांतलं एक नाव त्याने लिहिलं असतं, तर गोदा विचारात पडली असती, हे तिने नंतर भाऊंपाशी कबूल केलं.

उत्तर आलं. "कोणताही."

गोदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं अजिबात नव्हतं. तिने एकेकाला नावाने हाक मारून हुकूम सोडला. दाजी, उतर. मारुती, उतर. काळुराम, उतर. परशुराम, शेवटी तू, आणि मागून कोणीही हाक मारली तरी ओ देऊ नकोस.

"काय झालं गो?" भाऊंनी विचारलं.

"काय नाय," गोदा नाक पुसत म्हणाली. "माजी माणसां घरी चालली."