आठ वाजता घरी परतणारे भुंगे

ओंगदेन दाजू, माझा थोरला चुलतभाऊ, चहात मीठ घालून चव घ्यायचा आणि पुन्हा मीठ घालायचा. कुत्र्याला रागावताना अहो-जाहो करायचा. खोकला आला की आधी टोपी काढायचा. मी बी.ए. झालो तेव्हा म्हणाला, "एवढ्या कविता वाचल्यास, त्यात वेलचीवर एकही नाही?"

गुरुवारी तो गेला. साठीही झाली नव्हती.

सिक्कीममधल्या झोंगूत आमच्या उतारावर मोठी वेलची होते. तिचं फूल जमिनीलगत येतं, पहाटे उमलतं, एका दिवसात मलूल होतं. तेवढ्यात केसाळ भुंगा आला तर दाणा धरतो. गेल्या मे महिन्यात दाजूच्या मळ्यातले भुंगे सकाळी आठलाच गायब होऊ लागले. पूर्वी दुपारपर्यंत असायचे.

"संपावर गेलेत," दाजू म्हणाला.

"मेले असतील, तुमच्या टोपीच्या वासानं," फुर्कित वहिनी म्हणाली.

दाजू बांधावर आडवा झाला आणि उंदराच्या जुन्या बिळाला कान लावला; हे भुंगे अशाच बिळांत घर करतात. मलाही आडवं व्हायला लावलं. आत घोंघों चालली होती.

"घरीच आहेत रे! बीळ तापलंय, म्हणून पिल्लांना पंखांनी वारा घालताहेत. फुलांवर जायला सवड कुठली?"

"आणि बांधावरची सावली कुणी तोडली?" वहिनीनं विचारलं.

दाजूनंच. वेलची सुकवायच्या भट्टीसाठी तो दर हिवाळ्यात बांधावरच्या उतीसच्या झाडांच्या फांद्या छाटायचा. त्याचे वडीलही छाटायचे. पण तेव्हाचं ऊन असं नव्हतं. त्या वर्षी निम्मी बोंडं धरलीच नाहीत.

यंदा त्यानं कोयता फांद्यांना लावला नाही. पण फांद्या वाढायला वर्षं लागतात. म्हणून एका बिळावर सावलीला बांबूची तट्टी उभारली.

"भुंग्यांना मांडव! आपल्या लग्नात एवढा नव्हता," वहिनी म्हणाली.

"तेव्हा वऱ्हाडी कमी होते."

दुसऱ्या दिवशी त्या बिळातले भुंगे साडेनऊपर्यंत फुलांवर होते. दाजू मला हाका मारत अनवाणी पळत आला. बांधावर अशी पाच बिळं होती.

दोन तट्ट्या उभ्या आहेत. तिसरी ओट्यावर अर्धी विणलेली पडली आहे. कामट्या वाळून तडकू नयेत म्हणून वहिनी त्यांवर पाणी शिंपडते. खाली रोज नवी फुलं उमलताहेत. तट्टीची कड कशी वळवायची, ते आम्हा दोघांनाही येत नाही.