अप्पांनी दिलेले रविवार

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये होते. "दुपारी झोपले ते उठलेच नाहीत गं…" एवढंच माझा नवरा व्यंकट बोलू शकला. मी फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर रडण्याइतकंही त्राण अंगात नव्हतं. आता महिना उलटून गेलाय. दिवसकार्य झालं, पाहुणे परतले, थकवा मात्र अजून अंगातून निघालेला नाही.

अप्पा माझे सासरे. तंजावरकडचं जुनं मराठी घराणं, मैलापुरात घर, जॉर्ज टाउनच्या एका मसाल्याच्या पेढीवर उभा जन्म गेलेला. मी सांगलीहून नोकरीसाठी इथे आलेली. सुरुवातीला त्यांचं मराठी मला अर्धंच कळायचं, सगळा हेल तमिळचा. सासूबाई गेल्यावर ते फारसं बोलेनासेच झाले. मग आमच्या लेकीनं, जानूनं, मैत्रिणीकडे पॅनकेक खाल्ले आणि आजोबांच्या मागे लागली. डोसा काय, रोजचाच! त्या रविवारी मी डोळे चोळत ओट्याशी आले, तर अप्पा पीठ फेटत होते. "तू निजून राहा, अम्मा," ते म्हणाले. "आठवडाभर अवसरम्, आजही घाईच कां?"

घरात अंडं चालत नाही, म्हणून ते दही आणि पिकलेलं केळं घालायचे. वरून वेलचीचा वास असलेला गुळाचा पातळ पाक. आच अगदी मंद, एका वेळी एकच पॅनकेक, वरचे बुडबुडे फुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. जानू ओट्यावर बसून गप्पा मारायची आणि मी आत पंख्याखाली झोपलेली असायचे. आठवड्यातली माझी धड झोप तेवढीच. उठून बाहेर आले की ताट समोर यायचं. मधुमेहामुळे स्वतः ते एक घासही खात नसत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मग रविवार उलटा झाला. त्यांना उठवणं, अंघोळ, फिजिओ, औषधं, आणि जानूसाठी पॅनकेकही मीच करायचे. एका सकाळी तव्यासमोर उभ्या उभ्याच माझा डोळा लागला. पॅनकेक करपला. अप्पा दारातून बघत होते. पुढच्या रविवारी व्यंकटला म्हणाले, "खालच्या मेसमधून इडली आण. मला हे गोड बघवत नाही आता." जानू हिरमुसली. मला मात्र कळलं, ते माझ्यासाठी खोटं बोलत होते.

माझी इडली ताटात तशीच राहिली. संध्याकाळी मी इंडक्शनची शेगडी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली, त्यांच्या डाव्या हाताशी. अप्पा तिच्याकडे बघत राहिले. "पडेल, सांडेल…" "सांडू दे," मी म्हटलं, "पुसायला व्यंकट आहे." पुढच्या रविवारी पहिला पॅनकेक उलटताना दुमडला, दुसरा टेबलावर गेला. जानूनं तो उचलून तसाच खाल्ला. तिसरा वेडावाकडा का होईना, पण उलटला. अप्पांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी मान वर केली आणि जरा चिडूनच विचारलं, "तू अजून इथेच उभी? जा, नीज."

मी गेले. पडल्या पडल्या त्यांचं आणि जानूचं बोलणं ऐकत राहिले. शेवटपर्यंत आमचे रविवार असेच गेले.

परवाच्या रविवारी मी सवयीनं लवकर जागी झाले. बाहेर आले तर व्यंकट शेगडीपुढे बसला होता, अप्पांच्या खुर्चीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, चहापलीकडे त्याला काही येत नाही. पीठ फार घट्ट झालं होतं आणि जानू त्याला दूध घालायला सांगत होती. "अप्पा मला नेहमी बजावायचे," व्यंकट तव्यावरची नजर न काढता म्हणाला, "तिला उठवू नकोस म्हणून…"

मी आत आले. पंखा लावला, कुशीवर वळले, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पोटभर रडले. रडता रडता केव्हा झोप लागली, कळलंच नाही.