बाशिंग्या कुणाचा?

येडबाला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत. लग्नकार्यात गेला की कुणाचा जावई कोण याचा हटकून घोळ घालायचा, आणि सून शालू मागून हळूच नाव सांगायची. मेंढरांचं मात्र उलटं. पालमच्या शिवारात दोन कळप एकमेकांत मिसळले की धनगर आधी येडबाला बोलावणं धाडत. तो मधोमध उभा राही, तोंडं बघत जाई आणि ‘ही तुझी, ही त्याची’ म्हणत कळप निवडून देई. त्याच्या शब्दावर कुणी तोंड उघडत नसे.

अपवाद एकच, सटवाजी. फार वर्षांमागं या दोघांचेच कळप मिसळले होते. सटवाजी जिला आपली म्हणत होता ती कानतुटकी मेंढी येडबानं स्वतःची म्हणून घरी नेली. न्याय खराच होता, पण ज्यात न्याय देणाऱ्याचाच फायदा, तो कुणाच्या गळी उतरणार? तेव्हापासून सटवाजी त्याचा रामराम घेत नव्हता.

गावाशेजारी तेलाचा कारखाना आला आणि बारावी झालेली शालू तिथं ऑफिसात कॉम्प्युटरवर बसली. रुजू होताना तिनं एका कागदावर सही केली होती. आतलं काही बाहेर बोलणार नाही, बोलले तर नोकरी जाईल आणि वर भरपाई द्यावी लागेल. असल्या सह्या सगळेच करतात, वाचतो कोण? पण यंदा दिवाळीनंतर ओढ्याचं पाणी काळं पडलं, त्यावर फेस धरला आणि ते पिणाऱ्या गाभण मेंढ्या गाभडायला, दिवस भरायच्या आत कोकरं टाकायला लागल्या. कारखान्याची पाणी शुद्ध करायची टाकी बंद आहे आणि साहेब लोकांना ते चांगलं ठाऊक आहे, हे शालूला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

थोड्याच दिवसांत फेसबुकवर ‘ओढ्याकाठचा’ नावाचं खातं उघडलं गेलं. खरं नाव नाही, गाव नाही. टाकी कधीपासून बंद, पाणी कुठून सोडतात, सगळं सरळ लिहिलेलं. चूक एकच झाली. खात्याला फोटो हवा म्हणून लावला होता एडका.

शहाण्या माणसानं गुलाबाचं फूल लावलं असतं. पण धनगराच्या घरात एडक्याहून देखणं काय असतं? त्यात हा येडबाचा मेंढा, बाशिंग्या! कपाळावर बाशिंग बांधल्यागत पांढरा पट्टा आणि डाव्या शिंगाचा वेढा उलटा. पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही त्याला ओळखायचं.

कंपनीनं ‘अनोळखी इसमा’वर दावा ठोकला. आमचं गुपित फोडणाऱ्याचं नाव कोर्टानं मिळवून द्यावं, एवढीच मागणी. कंपनीची माणसं फोटो घेऊन गावात फिरली. एडका येडबाचा असावा अशी कुणकुण त्यांना लागली, पण छातीठोक सांगायला कुणी तयार होईना. येडबानं तो हातात घेतला. एडका ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. पण मान वर करून, डोळे अर्धे मिटून बाशिंग्या असा बघायचा तो फक्त शालूच्या हातात भाकर दिसली की. फोटो काढणारी कोण, हे मग येडबाला कुणी सांगायची गरज उरली नाही.

कोर्टाचा समन्स आला त्या संध्याकाळी शालू ताट वाढून तिथंच बसून राहिली.

“मामा, माझ्यापायी तुमाला कोर्टात जावं लागायलंय. ते फेसबुकवर…”

“गप,” येडबा म्हणाला. “मला सांगू नको. सांगितलंस तर मला मालूम व्हईल. अन् मालूम झालं की इचारल्यावर सांगावं लागंल. जेवली का न्हाईस तू?”

शालूनं पदर डोळ्याला लावला. फोटो बाशिंग्याचा ठरला की कंपनीचं बोट सरळ तिच्यावर येणार होतं. ऑफिसात धनगराची दुसरी लेकसून होतीच कोण?

समन्स सटवाजीलाही होता. वैरी हातचं राखून बोलत नाही, असा कंपनीच्या वकिलाचा हिशोब.

येडबानं शपथ घेतली. वकिलानं फोटो पुढं केला. “हा एडका कुणाचा?”

या बाशिंग्याची आई व्याली तशी मेली होती. येडबानं त्याला शेळीचं दूध बोटानं चाटवून जगवलं होतं. त्यानं फोटोकडं बघितलं, मग वकिलाकडं.

“काय सांगावं, साहेब. काळी मेंढरं. सगळी सारखीच दिसत्यात.”

मागं बसलेल्या धनगरांपैकी एकही हसला नाही. खोटं ते खोटंच, हे येडबालाही कळत होतं. जन्मभराची इज्जत त्यानं एका वाक्यात मातीत घातली होती. मान खाली घालून तो पिंजऱ्यातून उतरला.

मग सटवाजी उभा राहिला. येडबानं डोळे मिटून घेतले.

“येडबाचा एडका तुम्ही जत्रेत पाहिलाय ना?”

“बघितलाय की.”

“मग हा तोच ना?”

सटवाजीनं फोटो लांब धरला, जवळ धरला.

“नजर कमी आहे का?” वकील वैतागला.

“नजर लय चांगली हाय. पर मेंढरू म्हंजी मेंढरू. सगळी सारखीच दिसत्यात.”

न्यायाधीश बाईंनी ओठावरचं हसू आवरलं आणि वकिलाला विचारलं, “एडका राहू द्या. लिहिलंय ते खोटं आहे का?”

“प्रश्न खरं-खोटं असा नाही, मॅडम. ती कंपनीची अंतर्गत बाब आहे.”

“ओढ्यातलं पाणी अंतर्गत कसं?”

तेल काढायची काही खास रीत फुटली असेल तर ती दाखवा, बाईंनी सांगितलं, नुसतं अडचणीचं खरं लिहिलं म्हणून कुणाचं नाव उघडं करायला लावणार नाही. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर लिंबाखाली येडबा एकटाच बसला होता. सटवाजी येऊन पुढ्यात उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला.

“सगळी सारखीच दिसत्यात म्हणलास ना? शपथेवर?”

“म्हणलो.”

“मग माझी मेंढी वापस दे.”

येडबा हसायला गेला आणि त्याला रडूच फुटलं. सटवाजी शेजारी टेकला आणि तंबाखू मळायला लागला.

कानतुटकी केव्हाच मेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी येडबा मेंढरांच्या वाड्यात शिरला, काळ्याभोर गर्दीतून न थांबता चालत गेला आणि तिची नात धरली. दावं लावून ती सटवाजीच्या दारात नेऊन उभी केली.

सटवाजीनं खाली वाकून तिच्याकडं बघितलं.

“तोंड आज्जीचंच हाय,” तो म्हणाला.