हमीदभाई आणि दोन कायदे

नांदेडच्या कोर्टात पक्षकार नाही आला तरी किस्सा येतोच! तारखा पडतात अन् किस्से साठतात. माझ्याकडचे बहुतेक एकाच माणसाचे, शेजारच्या टेबलावरच्या हमीदभाई वकिलांचे. व्यापारातला करार शरियतमध्ये कसा अन् इंग्रजांच्या कायद्यात कसा, यावर ते वर्षानुवर्षं पुस्तक लिहून राहिलेत. वाचणारा मी एकटा! एक ते पुस्तक अन् एक मुलगी सबा, एवढाच त्यांचा संसार.

एकदा अर्धापूरचा केळीवाला करारनामा करायला आला. बाग उभी होती, घड यायचे होते.

"जे झाडाला लागलंच नाही ते शरियतमध्ये विकता येत नाही," हमीदभाई म्हणाले. "इंग्रज म्हणतो, पुढच्या मालाचा करार खुशाल करा."

"मग आज इंग्रजाचंच लिवा साहेब. वारं सुटलं तर दोघंबी काय करणार हायत?"

भूकंपानंतर कंधारच्या एका मास्तरांनी लातुरातलं घर न बघताच घेतलं. जाऊन बघतात तर भिंतीत हात जाईल एवढी भेग!

हमीदभाई खूश. "न बघता घेतलेली वस्तू बघितल्यावर नाकारता येते, आमच्यात तसा हक्कच आहे!"

"अन् कोर्टात?" मी विचारलं.

"कोर्टात म्हणतील, आधी बघितलं का नाही?"

मास्तर अजून तिथंच राहतात. खाट अंगणात टाकून.

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. सबाला डॉक्टर करायचं म्हणून हमीदभाईंनी तिला तिथं टाकलं. पोरगी नुसती वाळत चालली. पत्रात एकच ओळ, "अब्बा, मला घरी न्या." पण क्लासवाले दोन वर्षं झाल्याशिवाय, प्रवेशाच्या वेळी जमा करून घेतलेली टीसी अन् दहावीचा मार्कमेमो देईनात. ते नसले तर नांदेडात तिला कोणतं कॉलेज घेणार? मला तर लई संताप यायचा.

शेवटी आम्ही दोघं एसटीनं निघालो. अहमदपूर गेलं तरी हमीदभाई घोकतच होते, "कायदे दोन, पण एका गोष्टीवर दोघांचं जमतं. रजामंदी, म्हणजे मनापासून संमती, नाही तर करार नाही! पोरीला विचारा म्हणावं!"

क्लासच्या ऑफिसात मॅडमना त्यांनी तेच सुनावलं, आवाज चढवून. सबा भिंतीला टेकून उभी होती. मॅडमनी शांतपणे फाईल काढली अन् फॉर्म पुढं सरकवला. 'विद्यार्थिनीची संमती' या रकान्यात सही होती.

हमीदभाईंनी चष्मा लावला.

"ही तर माझी सही आहे."

"हाव अब्बा," सबा म्हणाली. "फॉर्म भरताना मला तुम्ही बाहेर बसवलं होतं."