तिसरी तपासणी

आमच्या शहरातल्या यच्चयावत पुस्तकवाल्यांना घाम फोडू शकेल असा एकच माणूस आहे, आणि ते माझे साडू आहेत. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर नट-बोल्ट तपासले. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. नट-बोल्टांच्या जागी पुस्तकं आली एवढंच. पुस्तक ते आधी टेबलावर उभं करतात. कलंडलं, तर बांधणी वाकडी. मग पानं उजेडात धरतात, पाठ टिचकीनं वाजवतात आणि वेळ उरलाच तर वाचतात. एका दुकानदाराला तर त्यांनी त्याच्या लॉटमधली चार पुस्तकं रिजेक्ट आहेत असं सांगून ती वेगळी काढूनही दिली होती.

त्यांची दुकानं ठरलेली. मुकुंदवाडीकडचं नुसत्या शेतीच्या पुस्तकांचं, एका बोळातलं धम्म आणि चळवळीच्या पुस्तकांचं, जुन्या शहरातलं उर्दूचं. उर्दूचं एक अक्षर त्यांना येत नाही, पण छपाई लई नेक असते म्हणे. स्कूटरवर मागं मी, पिशवी धरायला. पिशवी बहुधा रिकामीच परत येते, कारण त्यांचा नियम आहे : "पाव्हणं, तीनदा तपासल्याबिगर माल पास नाय." दोन तपासण्यांच्या मध्ये कोणी पुस्तक उचलू नये म्हणून ते अशा फळीवर लपवतात, जिथं कुणी फिरकत नाही. गुलमंडीमागच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती फळी होती गेल्या सालच्या आयकराच्या पुस्तकांची.

हे लपवण्याचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हेही ठाऊक नव्हतं, की तिथं त्यांना शहराच्या जुन्या नहरींवरचं, म्हणजे जमिनीखालून हौदांना पाणी पुरवणाऱ्या नळांवरचं, एक पातळ पुस्तक सापडलंय. त्यात त्यांच्या लहानपणच्या गल्लीतल्या हौदाचा फोटो होता आणि हौदाशी घागर भरणारी एक बाई. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. ती आपली आई असावी, असा त्यांना संशय होता. घरी आईचा एकही फोटो नाही. दोन तपासण्यांत नक्की होईना, म्हणून तिसऱ्या खेपेला ते कारखान्यातलं जुनं भिंग खिशात घालून निघाले.

दारातच एका शब्दकोशाच्या शिवणीत ते अडकले. मी आत गेलो. मला नीटनेटकेपणाचा झटका वर्षातून एकदा येतो, आणि तो नेहमी दुसऱ्याच्या घरी येतो. आयकरात नहरी बघून मला राहवेना. मालक बाहेर गेले होते, गल्ल्यावर त्यांची सून होती. पुस्तक तिच्यापुढं ठेवून, हे तुमचं भलतीकडंच पडलं होतं, असं मी ऐटीत सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीनं ते चाळलं, आपल्याला प्रोजेक्टसाठी हेच हवं होतं म्हणाली, विकत घेतलं आणि जाताना मला थँक्यू म्हणाली. तो थँक्यू मी पाचेक मिनिटं मिरवला.

मग साडूभाऊ भिंग काढत फळीशी आले. दोन जाडजूड ग्रंथांमधल्या बोटभर फटीकडं बघत राहिले. मी आपला पराक्रम सांगून मोकळा झालो. त्यांनी भिंग पुसलं, डबीत घातलं, डबी खिशात.

"व्हय," म्हणाले. "जागेवर ठेवायलाच पायजे."

क्रांती चौकाच्या सिग्नलला, मान न वळवता, त्यांनी आईचं सांगितलं. मला स्कूटरवरून उतरून वाहनांत मिसळून जावंसं वाटलं.

त्या मुलीचं नाव-गाव कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या प्रतीसाठी आम्ही सगळी दुकानं पालथी घातली. उर्दूवाले चाचा म्हणाले, "भाई, वो किताब तो कब की छपना बंद हो गई." तिथंही साडूभाऊंनी एका पुस्तकाची पाठ वाजवून बघितलीच.

पण अजूनही दर शनिवारी खालून त्यांच्या स्कूटरचा हॉर्न वाजतो. पुस्तक गेलं, आता कशाला, असं एकदा मी विचारलं.

"परीक्षा झाली की पोरं पुस्तकं विकायला आणत्यात," ते म्हणाले. "येईल. भिंग हाये खिशात."

मालकांना सगळं कळलंय. ते आयकराची धूळ झटकतात, पण ती फट बुजू देत नाहीत. साडूभाऊ तीत बोट घालून बघतात आणि मग दुसऱ्या पुस्तकांकडं वळतात.

मी मात्र आता कुठल्याही दुकानात भलत्याच फळीवर बसलेलं पुस्तक दिसलं, की हात मागं बांधून पुढं सरकतो. कोण जाणे, शनिवारी त्याला भेटायला कुणी येणार असेल.