शून्य लावणारे डॉक्टर

खानापुरे डॉक्टर पाठीचा वाक मोजायचा तो पट्टा स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळून आणायचे. बायकांच्या दुखऱ्या पाठीला त्यांनी कधी हात लावला नाही, पण पट्ट्यावर चिखलाचा शिंतोडा उडाला की धावत बांधीत, धानाच्या चिखलाच्या खाचरात, उतरायचे आणि रुमालानं पुसायचे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते नागपूरहून आसगावला आले. धानाची रोवणी करताना बायकांची पाठ किती वाकते, ते त्यांना मोजायचं होतं. पट्ट्याच्या दोन चकत्या कण्यावर बसायच्या, तिथून तार कमरेच्या डबीत जायची आणि डबीवरचा काटा अंश दाखवायचा. मी गावच्या उपकेंद्रात नर्स होते. बायका माझं ऐकायच्या, म्हणून पट्टा बांधायचं काम माझ्याकडे. डॉक्टर धुऱ्यावर, शेताच्या कोरड्या कडेला, घडीच्या खुर्चीत, छत्रीखाली. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात, ते मी तिथं पाहिलं.

"पाठ खोटं बोलते, काटा बोलत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. एखादी बाई "कंबर लय दुखते जी" म्हणाली की डोळे मिटून म्हणायचे, "दुखणं अंशात सांगा." आणि आपल्याच विनोदावर हसायचे. दुसरं कुणी हसत नसे, हे त्यांच्या लक्षातही येत नसे.

सरू तेव्हा वीस-बावीस वर्षांची. पंधरा दिवसांच्या रोवणीनं तिची पाठ धरली होती आणि सासूला ते ढोंग वाटत होतं. शेवटी सासूनं माझ्यासमोर बोली केली, "मशीननं पाठ खराब सांगतली तं घरी बस, रोवण्याले मी जाईन. नाई तं हे नाटक बंद." मीच सरूला म्हटलं, "घाल पट्टा. खरं काय ते निघन."

पट्टा बांधला की बाईला सरळ उभं करायचं आणि काटा शून्यावर आणायचा, अशी रीत होती. सरूला सरळ होताच येईना. ती उभी होती तीच वाकून. मी म्हटलं, "डॉक्टर, ही सरळ नाहीये." ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "बाई, शून्य कुठं धरायचं ते मी ठरवतो." मी त्या वाकलेल्या पाठीवरच काटा शून्यावर आणला. त्याची लाज मला आजही वाटते.

आधीच वाकलेली पाठ आणखी किती वाकणार? संध्याकाळी सगळ्या बायकांत सरूचा आकडा सर्वांत कमी निघाला. डॉक्टर खूश. सासूसमोर त्यांनी वही मोठ्यानं वाचली, "गावातली सर्वांत उत्तम पाठ." सासू म्हणाली, "आयकलं ना? उद्या सकाळीच नीघ." सरू रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "काहून बांधला वो बाई पट्टा?"

त्या आकड्यांवर डॉक्टरांनी कुठल्याशा परिषदेत शाल-श्रीफळ घेतलं. दहा वर्षांनी ते गेल्याची बातमी पेपरात आली. 'कष्टकऱ्यांसाठी झिजलेले संशोधक,' असं लिहिलं होतं. झिजली ती त्यांची खुर्ची. मला वाईट वाटलं नाही.

बातमी सांगायला सरूकडे गेले. ती अंगण झाडत होती. झाडण्यासाठी तिला आता वेगळं वाकावं लागत नव्हतं. मान तेवढी वर करून तिनं ऐकलं.

"काटेवाले डॉक्टर गेले काय?" ती म्हणाली. "तिरडीवर सरळ झोपले असतीन. मले तं तेथंही वाकडंच झोपा लागन."